साळिंदराचं फिरतं बीळ

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर परत आला.

आता तुम्ही विचाराल, परत आला म्हणजे गेला कुठे होता? तर तो डोंगरांच्या रांगांपलीकडच्या बर्फाळ जंगलात शिकायला गेला होता. तिथे तो बिळांचं शास्त्र शिकला. बीळ कसं खणायचं हे त्याच्या आईला न शिकताच येत होतं. पण ते का खणायचं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हा ते शिकून आला.

साळिंदरांमध्ये पोरांची नावं काटेरी झाडांवरून ठेवतात. याचं नाव होतं सावऱ्या. तिकडे जाऊन तो शाल्मल झाला. झाड तेच, काटेही तेच. सोबत त्याची बायको केतकी होती, मुलगी करवंदी होती आणि धाकटा हिवर होता.

तिकडून शिकून आलेला प्राणी कसा ओळखायचा, ठाऊक आहे? त्याचं दर दुसरं वाक्य 'तिकडे' या शब्दाने सुरू होतं. मीही काही वर्षं तिकडे होतो. पण आपली गोष्ट शाल्मलची आहे.

या जंगलातली बहुतेक मंडळी रात्री जागायची आणि ऊन वर आलं की झोपायची. तेव्हा गोष्टीत कोणी सकाळी झोपलं, तर त्याला आळशी म्हणू नका.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. साळिंदराचं पिल्लू जन्मतं, तेव्हा त्याचे काटे ओल्या गवतासारखे मऊ असतात. त्याला पोटाशी धरून झोपता येतं. मग काटे हळूहळू कडक होतात. एकदा कडक झाले, की आईबापांनी हातभर अंतरावरून माया करायची. सगळी साळिंदरं तशीच करतात. कोणी तक्रार करत नाही.

शाल्मलची तक्रार होती. बर्फाळ जंगलात तो आणि केतकी दोघंही कामाला जायचे. पिल्लं पाळणाघरात. हे दोघं परतायचे तेव्हा पिल्लं झोपलेली असायची, आणि झोपलेलं पिल्लू उचलू नये असं तिथलं शास्त्र होतं. मऊ काट्यांचा काळ असा परस्परच निघून चालला होता.

म्हणून तो परत आला. "मी माझ्या जंगलासाठी परत आलो," असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण त्या दोन पिल्लांच्या पाठीवर उगवत होतं.

घरी येऊन पाहतो तर काय, बिळात पाय ठेवायला जागा नाही. परदेशाहून आलेला सावऱ्या बघायला रोज कोणी ना कोणी यायचं. आलेलं माणूस, म्हणजे आलेलं साळिंदर, जेवून जायचं. जेवलेलं झोपून जायचं. करवंदी एका आत्याच्या कुशीत झोपायची, हिवर दुसरीच्या. शाल्मल दाराशी झोपायचा.

"आपण चौघंच," तो एकदा केतकीला म्हणाला. "एका छताखाली. करवंदीचे काटे ताठ व्हायच्या आत. मी फार मागतोय का?"

"नाही," केतकी म्हणाली. "पण जागा कुठे?"

शाल्मलचे डोळे चमकले. "तिकडे प्रत्येक कुटुंबाकडे कॅम्पर असतो. फिरतं बीळ! आत झोपायचं, आतच रांधायचं. सुट्टी लागली की पिल्लांना घेऊन निघायचं आणि वाटेल तिथे थांबायचं."

"आपल्याकडे वाटेल तिथे कोणीतरी राहतं," केतकी म्हणाली.

हे वाक्य नीट ऐका, बाळांनो. शाल्मलने ऐकलं नाही.

त्याने आधी एक सभा घेतली. परत आलेले प्राणी काहीही घेण्याआधी सभा घेतात. नुसता माठ घ्यायचा असला, तरी त्याची चळवळ करतात. पाणवठ्यावर एका दगडावर उभा राहून तो म्हणाला, "बंधूंनो! आपल्या पिल्लांना आपलं जंगल कळत नाही! कारण आपण सुट्टीत जातो कुठे? मामाच्या बिळात! तिथून निघालो की आत्याच्या बिळात! आपण जंगल पाहत नाही, आपण नातेवाईक पाहतो!"

तरस खदाखदा हसलं. पण ते नेहमीच हसतं, म्हणून शाल्मलने मनावर घेतलं नाही.

"मग नातेवाईक बघायचे कधी?" एका म्हाताऱ्या सशाने काळजीने विचारलं.

शाल्मलने सभा संपल्याचं जाहीर केलं.

जंगलात फिरत्या बिळांचं दुकान एकच होतं. ते गोगलगायबाईंचं. घर पाठीवर घेऊन हिंडायचा धंदा त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. दुकानात बाईंना एका गाडीपासून दुसरीपर्यंत पोचायला वेळ लागायचा. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा विचार बदलायचा, आणि बाई न रागावता परत फिरायच्या. बहुतेक बिळं आपोआप चालायची. कशी, ते विचारू नका. बोधकथेत इंजिन उघडून बघायचं नसतं.

"लहान पिल्लं आहेत का साहेब?" बाईंनी विचारलं.

"दोन," शाल्मल म्हणाला. "म्हणूनच मला घाई नाही. मी सगळं नीट पाहणार आहे."

पहिल्या गाडीच्या छपरावर तंबू होता आणि वर जायला शिडी. हिवर ती शिडी चढला आणि खाली यायला तयार होईना. त्याला खाली आणेपर्यंत ती गाडी बाद झाली होती. "उंचावरून पडेल," शाल्मल म्हणाला. "मी इथेच राहणार," हिवर वरून म्हणाला. दोघांचं बोलणं एकाच वेळी चाललं होतं.

दुसरी गाडी मागे जोडून ओढायची होती. "वळणावर शेपूट हलल्यासारखी हलेल," शाल्मल म्हणाला.

"तुझी हलत नाही का?" केतकी म्हणाली.

तिसरी मोठी होती. आत चूल, भांडी ठेवायला फळ्या, कोपऱ्यात मोरी. शाल्मल खाली वाकून प्रत्येक कोपऱ्यावर पंजा फिरवून पाहू लागला. डोकं आपटेल का? बोट अडकेल का? दार आतून उघडतं का? आणि पिल्लानेच आतून उघडलं तर?

"आणि पोरांना गाडी लागली तर?" त्याने विचारलं.

"पाणी ओतायचं," बाई म्हणाल्या. "सगळं खालून निघून जातं."

"आणि खिडकी?"

"दोन्ही बाजूंना आहे."

"दोन्ही बाजूंना नको!" करवंदी ओरडली. "मला त्याच्यापेक्षा मोठी हवी!"

केतकीने फक्त एवढंच पाहिलं, की चुलीपाशी उभं राहून चहाचं भांडं हाताला येतं का. आलं. "ही घेऊ या," ती म्हणाली.

पण शिकलेला प्राणी पहिल्या भेटीत काही घेत नाही, बाळांनो. पहिल्या भेटीत घेतलं तर शिकल्याचा उपयोग काय? शाल्मल घरी गेला. विचार केला. पुन्हा आला. प्रत्येक पलंगावर पालथा झोपून पाहिला, मग उताणा झोपून पाहिला. उताणा झोपल्यामुळे एक गादी फाटली. पुन्हा घरी गेला. तिकडच्या मित्रांचं मत मागवलं. मित्रांनी कळवलं की आता तिकडे कॅम्पर कोणी वापरत नाही, सगळे पायी हिंडतात. शाल्मल दोन रात्री अस्वस्थ होता.

असं होता होता चैत्र सरला.

एके दिवशी केतकी म्हणाली, "आज करवंदीला उचललं तर टोचली."

शाल्मलने करवंदीच्या पाठीवरून पंजा फिरवला. मानेकडचे काटे ताठ झाले होते. खालचे अजून वाकत होते.

तो तसाच उठून दुकानात गेला. "बाई, तीच मोठी गाडी. आत्ता. पण आतले पलंग बदला. चार वेगवेगळे करा, मध्ये भक्कम फळ्या घाला."

"होईल साहेब," बाई म्हणाल्या. बाई कशालाही होईल म्हणायच्या.

केतकी मागून आली होती. तिने विचारलं, "तुला पिल्लांना पोटाशी घेऊन झोपायचं होतं ना?"

"हो."

"मग मध्ये फळ्या कशाला?"

"प्रत्येक पिल्लाला स्वतःची जागा लागते, केतकी. तिकडे यावर संशोधन झालंय."

"साळिंदरांवर?"

"सशांवर," शाल्मल जरा हळू म्हणाला. "पण निष्कर्ष सगळ्यांना लागू आहेत."

हसू नका, बाळांनो. मी त्याच्या जागी असतो तर फळ्यांना रंगही मारून घेतला असता.

पलंग तयार झाले आणि चौघं निघाले. शाल्मलने मुद्दाम दूरची वाट धरली. नदीकाठी एक मोकळं माळरान होतं. तिथे ना बीळ, ना वाट, ना शेजार. पहाट होत आली होती. शाल्मलने गाडी लावली, केतकीने चहाचं आधण ठेवलं, पिल्लं जांभया देऊ लागली.

"बघ," शाल्मल भारावून म्हणाला. "आपण चौघंच."

"कोण रे तो? सावऱ्या का?"

करवंदाच्या जाळीतून एक उदमांजर बाहेर आलं.

"तू बोराईचा सावऱ्या ना? अरे, मला ओळखलं नाहीस? तुझ्या आईच्या मावसबहिणीच्या शेजारी राहायचो आम्ही. तुझी मावशीच लागते मी." मावशीने गाडीत डोकावून पाहिलं. तिचा चेहरा पडला. "हे काय? गाडीत झोपणार?"

"मावशी, हा कॅम्पर आहे. तिकडे..."

"तिकडे नसतील कोणी आपली. इथे मी मेले का? माझ्या दारात येऊन गाडीत झोपलात, तर उद्या चारचौघांत तोंड कुठे दाखवू? चला आत."

"मावशी, पण आम्हाला खरंच इथे..."

"पोरांनो, फणसाचे गरे खाता का?"

पिल्लं केव्हाच तिच्या मागे गेली होती.

आता उदमांजराचं घर ते केवढं. झाडाची ढोली एक, राहणारी दोघं, मावशी आणि तिचा नवरा, म्हणजे काका. तेव्हा जंगलाच्या रीतीप्रमाणे ढोली पाहुण्यांना मिळाली. आणि मावशी? "आमचं काय, आम्ही पडतो तुमच्या त्या गाडीत," असं म्हणत मावशी आणि काका कॅम्परमध्ये शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ढोलीत शेजारची पोरंही झोपायला आली. नवी भावंडं बघायला येतातच. करवंदी आणि हिवर त्यांच्यात मिसळून गेले. शाल्मल दाराशी झोपला.

संध्याकाळी मावशी टवटवीत होऊन उठली. "काय झोप लागली रे! आणि ती मध्ये फळी टाकलीयस ना, ती फार छान. यांचं घोरणं ऐकू आलं नाही. राहा ना अजून दोन दिवस."

राहावं लागलं.

शाल्मल खचला नाही. आदर्शवादी प्राणी खचत नाही, तो फक्त दिशा बदलतो. पुढच्या वेळी त्याने डोंगराचा कडा निवडला. उभा, उजाड, वारा सुटलेला. वर पोचायच्या आधीच एक रानडुक्कर वाटेत आडवं उभं राहिलं.

"टिटवीने सांगितलं, बोराईचा मुलगा येतोय म्हणून," रानडुक्कर काका म्हणाले. "कालपासून वाट बघतोय. कंद उकडून ठेवलेत. आणि काय रे, मावशीकडे राहिलास आणि आमच्याकडे नाही? आम्ही काय घोडं मारलं?"

"काका, तुमच्याकडे आधीच एवढी पिल्लं आहेत. आमची अडचण कशाला?"

"त्यांची सोय झाली की," काका म्हणाले. "ती सगळी तुझ्या गाडीत."

शाल्मल ओरडेपर्यंत रानडुकराची पिल्लं कॅम्परमध्ये पोचली होती. बाळांनो, रानडुकराला एका वेळी किती पिल्लं होतात ते आपण मोजायला नको. गाडी दिवसभर हलत होती. आतून धडाम्, धुडुम् असे आवाज येत होते. मोरीत कोणीतरी पोहत होतं. काकांच्या गुहेत शाल्मल डोळे उघडे ठेवून पडला होता. हिवर काकूच्या पोटाशी गाढ झोपला होता. करवंदी गाडीत न मावलेल्या दोन लहान डुकरांच्या मध्ये होती. ती त्यांना टोचत होती, कारण डुकरं मधूनच चीं चीं करत होती. म्हणजे आता मधले काटेही ताठ झाले होते.

संध्याकाळी गाडी उघडली तर तीन पलंग मोडलेले. फळ्यांचा भुगा. खालचा एक तेवढा उरला होता, तोही एका अंगाला झुकलेला.

"तुमच्या पलंगाला जीव कमी," काका म्हणाले. "पोरं जरा खेळली फक्त."

"हो ना," शाल्मल म्हणाला. पाहुण्याने आणखी काय म्हणायचं असतं?

परतीच्या वाटेवर केतकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिने चहा केला. भांडं हाताला येत होतं.

घरी पोचले तर दारात गर्दी. उदमांजर मावशी आली होती, ढोलीतले काका आले होते. रानडुक्कर काका सहकुटुंब जवळच्या वाटेने आधीच येऊन बसले होते. ज्याच्याकडे आपण राहिलो, त्याने उलट भेटीला यायचं, ही जंगलाची रीत. नाहीतर नातं लंगडं पडतं.

"आत ये, सावऱ्या!" मावशी त्याच्याच बिळातून म्हणाली. "दमला असशील!"

शाल्मलची आई बोराई बाहेर आली. तिच्या पंजाला मातीच माती होती. पाहुणे मावेनात म्हणून ती बीळ रुंद करत होती. तिने एका नजरेत सगळ्यांचा हिशोब लावला.

"पाहुणे आत," ती म्हणाली. "घरचे बाहेर. सावऱ्या, तुम्ही चौघं त्या गाडीत झोपा."

"आई, ती मोडलीय. एकच पलंग उरलाय. तोही वाकडा."

"मग एकावर झोपा. आपल्या घरी गैरसोय झाली तर कोणाला सांगणार आहेस?"

ऊन वर येत होतं. बिळातून घोरणं सुरू झालं होतं. चौघं अंगणात उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये चढले. पलंग एका बाजूला कललेला होता, त्यामुळे जो झोपेल तो घरंगळून भिंतीशी जायचा. आधी शाल्मल झोपला, तो भिंतीशी गेला. मग हिवर त्याच्यावर घरंगळला. मग करवंदी. शेवटी केतकी आली आणि तिच्या वजनाने तिघंही घट्ट दाबले गेले.

"बाबा, सरक ना," करवंदी म्हणाली.

"सरकायला जागा नाही गं."

"मी टोचतेय का तुला?"

ती चांगलीच टोचत होती. मानेकडे, खांद्याला, बरगडीतही. पोटाशी मात्र अजून मऊ काटे होते, अगदी थोडे, आणि ते त्याच्या पोटाला लागत होते.

"नाही," शाल्मल म्हणाला.

"मला टोचतेय," हिवर म्हणाला.

"तू गप्प बस," शाल्मल आणि केतकी एकदमच म्हणाले.

पिल्लं झोपली. केतकी हलक्या आवाजात म्हणाली, "वाकडं झोपून तुझी मान धरेल."

"तिकडे..." शाल्मलने सुरुवात केली. आणि वाक्य तिथेच सोडून तो झोपून गेला.

पाहुणे पुढे किती दिवस राहिले? भरपूर राहिले. मान धरलीच. एका संध्याकाळी गोगलगायबाई स्वतः अंगणात येऊन पोचल्या. गाडी मोडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्या तडक निघाल्या होत्या.

"साहेब, काळजी करू नका," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चारही पलंग नवे करून देते. मध्ये फळ्याही घालते, आधीपेक्षा जाड. लगेच कामाला लागते."

शाल्मलने गाडीकडे पाहिलं. हिवर खिडकीला नाक लावून उभा होता. करवंदी त्याला ढकलत होती.

"घाई नाही, बाई," शाल्मल म्हणाला. "तुमच्या सवडीने करा. अगदी सावकाश. तुम्हाला जमेल तेवढं सावकाश."

तात्पर्य : लहान मुलांसाठी कॅम्पर घेताना फार चिकित्सा करू नये. कोणताही घ्यावा, नातेवाइकांकडून आधी नीट मोडून घ्यावा, आणि मग आपल्याच दारात उभा करावा.